शेजारच्यांनी दिलेल्या कडक स्प्रिंगा लावू, की कॅम कार्डाचं ऐकू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत वाढलेले आणि आता अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झालेले एक वाचक सुट्टीच्या दिवशी नॉरवॉकच्या ड्रॅग पट्टीवर ब्रॅकेट रेसिंग (आधी स्वतः जाहीर केलेल्या वेळेच्या जवळात जवळ धावायची शर्यत) करतात. गाडी जुनी शेव्हर्ले. स्मॉल-ब्लॉक 350 घनइंचांचं इंजिन 0.030 इंच बोअर करून 355 केलेलं, सॉलिड फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्यावर सपाट तळाचे लिफ्टर घासत चालतात), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या हिवाळ्यात त्यांनी हेडचं व्हॉल्व्ह-सीटचं काम करून घेतलं आणि 1.5 चे रॉकर (कॅमची हालचाल तेवढ्या पट वाढवून व्हॉल्व्हला देणारे दांडे) काढून 1.6 चे बसवले. तेव्हापासून इंजिन 6,800 आरपीएमला अडखळतं आणि कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो. त्यांना 7,400 पर्यंत जायचं आहे. कॅम कार्डावर, म्हणजे कॅमसोबत आलेल्या माहितीच्या कागदावर, व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा दाब सीटवर (व्हॉल्व्ह मिटलेला असताना) 130 पाउंड आणि पूर्ण उघडल्यावर 310 पाउंड असा सुचवलेला आहे. शेजारी राहणारे, कित्येक वर्षं रेसिंग केलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात, "कार्डं भित्र्या माणसांसाठी छापतात." त्यांनी स्वतःच्या जुन्या सॉलिड रोलर (चाकाचे लिफ्टर असलेल्या) इंजिनाच्या 220 आणि 550 पाउंडांच्या सोळा स्प्रिंगा फुकट देऊ केल्या आहेत. वाचक विचारतात: "जास्त दाब म्हणजे जास्त सुरक्षित, असंच ना? आणि नाही म्हटलं तर त्या भल्या माणसाला काय वाटेल?"

नमस्कार,

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. त्या सोळा स्प्रिंगा तुमच्या इंजिनावर बसवू नका. उत्तर लांबणार आहे, आणि मधल्या काळात एखाद्या शनिवारी दोघं मिळून हेडकव्हर उघडाल, अशी मला काळजी वाटली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. "किती दाब लावू" असं तुम्ही विचारलंत. मला त्याआधी विचारायचं आहे की आज तुमच्या इंजिनात किती दाब आहे? पत्रात तुम्ही 130 लिहिलंय, पण पुढच्याच ओळीत "स्प्रिंगच्या खोक्यावर 1.750 इंचाला 130 पाउंड, रेट इंचाला 370" असंही लिहिलंय. म्हणजे 130 हा खोक्यावरचा आकडा आहे. तुमच्या हेडवर बसलेली स्प्रिंग 1.750 इंच उंचीला बसली आहे का, हे कुणी मोजलेलं पत्रात कुठे दिसलं नाही.

एकच स्प्रिंग वेगवेगळ्या उंचीला वेगवेगळा दाब देते. इंचाला 370 रेट म्हणजे स्प्रिंग दर 10 थाऊ दाबली की 3.7 पाउंड वाढतात. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्या वाचकांसाठी लिहितो.) हिवाळ्यात तुम्ही सीटचं काम करून घेतलंत. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो, त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढी जास्त बाहेर येते, रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी टोपी) वर सरकतो आणि स्प्रिंग सैल होते. समजा तुमची बसलेली उंची 1.750 ऐवजी 1.810 झाली. 60 थाऊचा फरक, म्हणजे 22 पाउंड गेले. सीटवर 130 नाही, 108 उरले. त्यात स्प्रिंगा दोन-तीन हंगाम जुन्या असतील आणि त्यांनी दहा टक्के ताण सोडला असेल, तर तुम्ही शंभराच्याही खाली आहात.

हा नुसता अंदाज आहे, तुमच्या हेडबद्दलचं निदान नाही. पण पत्रातला घटनाक्रम पाहा: सीटचं काम झालं, रॉकर बदलले आणि लगेच 6,800 ला अडखळणं सुरू झालं. दोन्ही बदल एकाच दिशेने ढकलणारे आहेत. सीटच्या कामाने दाब कमी झाला असू शकतो. रॉकरने दाबाची गरज नक्की वाढवली. 1.5 वर तुमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचं अंतर, 506 थाऊ होती, 1.6 वर ती 540 झाली. व्हॉल्व्हला तेवढ्याच वेळात साडेसहा टक्क्यांहून जास्त अंतर जायचं आहे, म्हणजे त्याचा प्रवेग तेवढाच वाढला. कार्डावरचा 310 हा आकडा 1.5 च्या रॉकरसाठी छापलेला आहे. कार्ड बरोबर आहे, फक्त ते तुमच्या आजच्या इंजिनाबद्दल बोलत नाही.

हेड उघडण्याआधी मात्र दोष स्प्रिंगचाच आहे याची खात्री करा. 6,800 ला अडखळण्याची कारणं आणखी असतात. गाडी फक्त वरच्या गिअरमध्ये, पट्टीच्या शेवटाकडे अडखळत असेल तर कार्ब्युरेटरचं बाऊल रिकामं होतंय का ते बघा. तो पेट्रोलच्या पुरवठ्याचा प्रश्न असतो. धारदार, एकदम कापल्यासारखं तुटत असेल तर इग्निशन, प्लगची गॅप आणि आरपीएम लिमिटर तपासा. जुना लिमिटर 6,800 वर सेट केलेला राहून गेला, असंही होतं. पण प्रत्येक गिअरमध्ये त्याच आकड्याला, आधी ताकद सपाट होऊन मग फटफट होत असेल, तर बोट व्हॉल्व्हकडेच जातं. फटफट कार्ब्युरेटरमधून येते म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद असायला हवा त्या क्षणी तो बंद नाही.

तिथे नेमकं काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण दाबाचा आकडा त्यातूनच निघतो. 7,400 आरपीएमला कॅम त्याच्या निम्म्या वेगाने, 3,700 ने फिरतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 61 हून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. उघडताना कॅमचा लोब (उंचवटा) त्याला जोराने ढकलतो, तिथे स्प्रिंगचं काही काम नसतं. काम सुरू होतं ते लोबच्या टोकाजवळ. व्हॉल्व्ह, रिटेनर, रॉकर, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतची दांडी), लिफ्टर ही सगळी साखळी वेगात वर आलेली असते आणि आता तिला थांबवून मागे फिरवायचं असतं. ते करायला स्प्रिंगशिवाय दुसरं कुणी नाही. तिची ताकद कमी पडली की लिफ्टर लोब सोडून हवेत जातो, खराब रस्त्यावर उंचवट्यानंतर मोटारसायकलचं चाक जमीन सोडतं तसा. यालाच फ्लोट म्हणतात. आणि पुढे तो परत खाली येतो तेव्हा लोबच्या ठरवलेल्या उतारावरून न येता आपटतो. व्हॉल्व्ह सीटवर आदळून उसळतो.

म्हणून दोन आकडे असतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. उघड्या स्थितीतला दाब टोकावर साखळीला लोबशी धरून ठेवतो. सीटवरचा दाब मिटल्यानंतरची उसळी मारतो. गप्पांमध्ये लोक एकच मोठा आकडा सांगतात, बहुतेक वेळा उघड्याचा, आणि सीटवरचा विसरतात. तुमची फटफट इनटेकमधून येते हे पाहता मला तुमच्या सीटवरच्या दाबाची शंका जास्त आहे.

तर मोजायचं कसं? हेडकव्हर काढा, रॉकर सैल करा, सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरा आणि एकेक स्प्रिंग काढत जा. प्रत्येक जागी स्प्रिंग बसते त्या सपाटीपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची हाइट मायक्रोमीटरने घ्या. सोळाही. दोन-चार मोजून बाकीच्या तशाच असतील असं धरू नका, सीटचं काम प्रत्येक जागी सारखं झालेलं नसतं. मग प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर त्या-त्या उंचीला दाबून आकडा लिहा. हेडवरच बसवून वापरायचा टेस्टर मिळाला तर काम आणखी सोपं. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलेली स्प्रिंग परत बसवू नये, असं मी मानतो. स्प्रिंगा हातात असतानाच त्यांच्या वेटोळ्यांवर चकचकीत घासलेले पट्टे आहेत का, रिटेनरच्या खाली घासून निघालेली बारीक भुकटी आहे का, कीपरच्या (रिटेनरला दांडीवर अडकवणारे तुकडे) खाचा झिजल्यात का, हेही पाहा. फ्लोट होत असलेलं इंजिन अशा खुणा ठेवतं.

उंची जास्त निघाली तर त्यावर शिम (स्प्रिंगखाली घालायची पातळ चकती) हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. शिम 15, 30, 60 थाऊचे मिळतात. तुमच्या रेटला 15 थाऊचा शिम साडेपाच पाउंड देतो, 60 चा 22. म्हणजे वर धरलेला अंदाज खरा ठरला तर तुमचे हरवलेले 22 पाउंड काही डॉलरच्या शिममध्ये परत येतात. शिम टाकल्यावर पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकत नाहीत ना, हे तपासा. टेकण्याआधी 50 ते 60 थाऊ जागा उरली पाहिजे. तेवढीच जागा रिटेनर आणि व्हॉल्व्ह सीलच्या मध्येही हवी. इथे बरेच जण लॅश (रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम ठेवलेली फट) विसरतात. सॉलिड कॅमला तुम्ही 20 थाऊ लॅश ठेवता, म्हणजे 540 मधले 20 वजा करून व्हॉल्व्ह खरा 520 थाऊच उघडतो. हिशेब त्यावर करा. 130 अधिक 520 थाऊचे 192, म्हणजे उघड्यावर 322 पाउंड. सीटवर 108 असेल तर तेच 300.

1.6 च्या रॉकरने व्हॉल्व्ह खोल जातो हे लक्षात ठेवून पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही एकदा बघा. इनटेकला 80 आणि एक्झॉस्टला 100 थाऊ हा जुना, विश्वासाचा नियम आहे. फ्लोट झालेल्या व्हॉल्व्हला एवढीच सवलत असते.

आता शेजारच्या स्प्रिंगांकडे येतो. 220 आणि 550 हे त्यांच्या इंजिनातले आकडे आहेत. त्यांच्या कॅमची लिफ्ट 660 थाऊच्या आसपास होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे रेट इंचाला 500. आणि रोलरच्या अशा स्प्रिंगा साधारण 1.900 इंच उंचीला बसवतात. तुमच्या हेडवर जागा 1.750 ची आहे. 150 थाऊ कमी, म्हणजे 75 पाउंड जास्त. म्हणजे "220 ची" स्प्रिंग तुमच्याकडे सीटवरच 295 देईल, उघड्यावर 555. वेटोळी टेकण्याचा धोका वेगळाच. या स्प्रिंगा जाडीलाही मोठ्या असतात. त्यांच्यासाठी हेडवरची बैठक कापून रुंद करायची म्हटलं तर जुन्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये खाली पाण्याचा कप्पा लागू शकतो. रॉकरचे स्टड नुसते ठोकून बसवलेले असतील तर ते एवढ्या ओढीने वर निघून येतात.

पण खरा नकार कॅमचा आहे. तुमचा कॅम फ्लॅट टॅपेट आहे, त्यांचा रोलर होता. रोलर लिफ्टरच्या तळाशी चाक असतं, ते लोबवरून फिरत जातं. फ्लॅट टॅपेटचा तळ लोबवर घासत जातो, मध्ये फक्त तेलाचा पातळ थर. आणि व्हॉल्व्हवरचा दाब लिफ्टरवर रॉकरच्या गुणोत्तराने वाढून पोचतो. 555 गुणिले 1.6 म्हणजे 888 पाउंड, 400 किलोंहून जास्त, एका अरुंद रेषेवर. त्यावर कॅम टिकणार नाही. लोबचं टोक झिजेल, लिफ्टरचा तळ खोलगट होईल आणि लोखंडाची बारीक पूड तेलातून थेट बेअरिंगांपर्यंत जाईल. खोक्यावरचा 130 खरा धरला तर तुमच्या 322 ला हाच हिशेब 515 पाउंड येतो, आणि फ्लॅट टॅपेटसाठी तोही थोडा नाही.

इथेच "जास्त दाब म्हणजे जास्त सुरक्षित" हे तुमचं गृहीतक मला तुमच्याबरोबर पुन्हा तपासायचं आहे. जास्त दाबाने फ्लोटपासून सुरक्षितता मिळते, पण झिजेपासून मिळत नाही. आणि ही झीज तुम्हाला वाटते त्या वेळी होत नाही. 7,000 आरपीएमला साखळीची स्वतःची गती टोकावरचा भार काही प्रमाणात हलका करते. आयडलला मात्र स्प्रिंगचा सगळा भार टोकावर बसतो, आणि त्याच वेळी क्रँकवरून उडणारं तेलही कमी असतं. ड्रॅगची गाडी पाव मैल धावते ते काही सेकंद. बाकीचा वेळ ती रांगेत गरम इंजिनानिशी आयडलवर उभी असते. फ्लॅट टॅपेट कॅमचं सगळ्यात मोठं नुकसान त्या रांगेत होतं. रांग लांब असेल तर इंजिन बंद करून गाडी ढकला.

तेलाबद्दलही इथेच सांगतो. फ्लॅट टॅपेटला वाचवणारं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण साध्या तेलांत कमी होत गेलं आहे, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतो. 2004 साली आलेल्या एपीआय एसएम या अमेरिकी तेल-दर्जात पातळ ग्रेडच्या तेलांना फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्के आली. दुकानातलं आजच्या गाड्यांसाठीचं तेल तुमच्या कॅमला पुरेसं नाही. रेसिंगचं किंवा जुन्या फ्लॅट टॅपेट इंजिनांसाठी बनवलेलं, जस्त जास्त असलेलं तेल घाला.

उलट टोकाचीही एक समजूत आहे, ती पण मला पटत नाही: कडक स्प्रिंग इंजिनाची ताकद खाते, म्हणून शक्य तितकी मऊ ठेवावी. स्प्रिंग दाबायला जी ऊर्जा लागते, तिच्यातली बरीच ती मिटताना लोबच्या उतरणीला परत देते. खरा तोटा घर्षणाचा, तो आहे, पण फ्लोट झालेल्या इंजिनात जी ताकद जाते तिच्यापुढे तो किरकोळ. म्हणजे मऊपणात शहाणपण शोधू नका, तसं कडकपणातही नको.

मग आकडा कुठला? गती वाढली की लागणारा दाब तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 6,800 वरून 7,400 म्हणजे गतीत जेमतेम नऊ टक्के वाढ, पण दाबाची गरज 18 टक्क्यांनी वाढते. समजा मोजणीत तुमचा उघडा दाब 300 निघाला आणि 6,800 ला तो कमी पडतोय. तर 7,400 ला 355 च्या आसपास लागेल. हा ढोबळ हिशेब आहे, स्प्रिंगची स्वतःची थरथर आणि पुशरॉडचं वाकणं त्यात धरलेलं नाही. तरी दिशा त्यावरून कळते. सीटवर 145 ते 150 आणि उघड्यावर 345 ते 355 ही तुमच्या सॉलिड फ्लॅट टॅपेटसाठी मी सुचवेन ती वरची हद्द. ती ओलांडायची वेळ आली तर कॅम रोलरचा करायचा विचार करा. फ्लॅट टॅपेटवर आणखी दाब चढवू नका. आणि मोजणीचा आकडा 322 च निघाला, म्हणजे स्प्रिंगा ठणठणीत निघाल्या, तर मग नव्या घेण्याआधी पुन्हा इग्निशनकडे वळा.

दाब वाढवण्याआधी साखळी हलकी आणि ताठ करता येते, आणि माझ्या मते पैसे आधी तिथे खर्च करावेत. रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूचं वजन सगळ्यात महाग पडतं. 1.6 चा वर्ग 2.56, म्हणजे व्हॉल्व्हकडचा एक ग्रॅम लिफ्टरकडच्या अडीच ग्रॅमहून जास्त त्रास देतो. म्हणून हलका रिटेनर घ्या. टायटॅनियमचे हलके असतात, पण झिजतात आणि वरचेवर तपासावे लागतात. वर्षभर ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्याला मी हलक्या घडणीचे टूल स्टीलचे सुचवेन. याउलट पुशरॉडकडे वजनाची काळजी करू नका, ताठपणाची करा. मूळचे पातळ भिंतीचे 5/16 इंचाचे पुशरॉड असतील तर उघडताना ते किंचित वाकतात आणि टोकाजवळ ती साठवलेली ऊर्जा सोडून लिफ्टरला हवेत फेकतात. तिथे वाटतं स्प्रिंग कमी पडली, दोष असतो पुशरॉडचा. 80 थाऊ भिंतीचे, हेडच्या भोकात मावत असतील तर 3/8 चे घाला, गाइडप्लेटही त्या मापाची लागेल.

स्प्रिंग निवडताना नुसते दोन आकडे जुळवू नका. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची कंपनसंख्या असते आणि एखाद्या आरपीएमला ती कॅमच्या धक्क्यांशी जुळली की वेटोळी आतल्या आत लाटेसारखी हलू लागतात आणि दाब असूनही ताबा जातो. म्हणून दुहेरी स्प्रिंगमध्ये एक आत एक अशा घासून बसतात किंवा मध्ये चपटी डॅम्पर पट्टी असते, म्हणून वर निमुळत्या होत गेलेल्या बीहाइव्ह स्प्रिंगा निघाल्या. मोठे इंजिन बांधणारे हे स्पिनट्रॉन नावाच्या यंत्रावर विजेच्या मोटरने इंजिन फिरवून लेझरने पाहतात. आपल्याला ते परवडणारं नाही. आपला मार्ग असा की कॅम ज्याने घासला त्याच कंपनीला फोन करावा, लोबचा नंबर, रॉकरचं गुणोत्तर, व्हॉल्व्हचं वजन आणि आरपीएम सांगावं आणि त्यांनी त्याच लोबवर चालवून पाहिलेली स्प्रिंग घ्यावी. फोन उचलणारा माणूस उंची विचारत नसेल तर दुसऱ्याशी बोला.

नव्या स्प्रिंगा बसवल्या की पहिल्यांदा इंजिन हळूच गरम करा, मधल्या आरपीएमला थोडं चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग दाब पुन्हा मोजा. थोडा उतरलेला असेल. तो आकडा तुमचा पाया, खोक्यावरचा नाही. काम करताना लिफ्टर बाहेर काढलेत तर प्रत्येक लिफ्टर त्याच्याच लोबवर परत गेला पाहिजे. वापरलेल्या फ्लॅट टॅपेटची अदलाबदल झाली की कॅम गेलाच. आणि झाल्यावर हेडकव्हर उघडं ठेवून क्षणभर आयडलवर पुशरॉडकडे बघा. फ्लॅट टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका असतो, त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरतो आणि पुशरॉडही संथ फिरताना दिसतो. एखादा पुशरॉड स्थिर उभा दिसला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. तो लिफ्टर फिरत नाहीये आणि त्याखालचा लोब काही मिनिटांत जाईल.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला विचारावासा वाटतो. 7,400 कशासाठी? पत्रात तुमच्या कॅमची जी मापं आहेत त्यावरून ताकदीचं शिखर 6,500 च्या आसपास असावं. गिअर बदलायची जागा शिखराच्या थोडी पुढे असते, नऊशे आरपीएम पुढे नाही. आणि तुम्ही ब्रॅकेट रेसिंग करता. तिथे तुम्ही स्वतःच वेळ जाहीर करता आणि तिच्या जवळात जवळ जाणारा जिंकतो, जाहीर केलेल्यापेक्षा वेगात गेलात तर उलट हरता. सगळ्यात वेगवान इंजिनापेक्षा दरवेळी सारखं धावणारं इंजिन तिथे कामाचं. नॉरवॉकला एक दिवस फक्त यासाठी काढा: 6,500, 6,700, 6,900 ला गिअर बदलून पाहा आणि पट्टीवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवरचे 330, 660 आणि 1,000 फुटांचे वेळ एकमेकांशी लावून बघा. 6,700 आणि 6,900 मध्ये फरक पडत नसेल, तर 7,400 साठीचा सगळा खर्च वाचला. मग 130 चा खरा 130 करून, थोडे ताठ पुशरॉड घालून तुमचं काम भागेल. माझी अपेक्षा अशीच आहे की ते तिथेच भागेल. फक्त लिमिटर ठरवलेल्या जागेच्या दोनशे वर ठेवा, टायर घसरला किंवा गिअर चुकला की इंजिन क्षणात पलीकडे जातं.

आता त्या ज्येष्ठांबद्दल. तुम्ही लिहिलंय की परदेशात आल्यावर गॅरेजचं दार उघडणारा पहिला माणूस तेच होते. त्यांचा सल्ला चुकीचा नाही, तो त्यांच्या इंजिनाचा आहे. सॉलिड रोलरवर 220 आणि 550 अगदी योग्य. म्हणून "तुमच्या स्प्रिंगा नकोत" असं जाऊन सांगायची गरज नाही. कॅम कार्ड घेऊन जा आणि विचारा, "काका, तुमच्या कॅमला रोलर होता, माझा फ्लॅट टॅपेट आहे, त्यावर या चालतील का?" काका म्हणा किंवा तिथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारा, पण प्रश्न हाच. इतकी वर्षं इंजिनं उघडलेला माणूस फ्लॅट टॅपेट हा शब्द ऐकताच स्वतःच मागे घेईल. मग त्यांना मोजणीला बोलवा. दाब मोजायचा टेस्टर बहुधा त्यांच्याकडे असेल, आणि सोळा जागांची उंची घ्यायला एकाने धरायचं, एकाने लिहायचं असंच काम असतं. त्या स्प्रिंगा तेल लावून, पिशवीत घालून ठेवायला सांगा. कधी रोलरचा कॅम केलात तर बोलता येईल, तेव्हाही टेस्टरवर घालूनच.

आणि त्यांनी ऐकून घेतलं नाही तर? तर कॅम तुमचा आहे. वय आणि अनुभवाचा मान ठेवून, शांतपणे नाही म्हणा.

महाराष्ट्रात मोटारसायकलींवर ड्रॅग करणारी मुलं मला असेच प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोकला हा प्रश्नच येत नाही, त्यात कॅमही नाही आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही नाहीत. पुशरॉडच्या जुन्या बुलेटला वर लिहिलेलं जवळजवळ सगळं लागू आहे, फक्त आकडे खूप लहान. ज्या गाड्यांचा कॅम वर हेडमध्येच असतो त्यांची साखळी हलकी असते, तिथे बाजारातली "रेसिंग स्प्रिंग" घालण्याआधी मूळ स्प्रिंगची उंची आणि दाब मोजून घ्या. वर्कशॉपवाला नुसतं "ही कडक आहे" म्हणाला तर किती उंचीला किती, हे विचारा.

तुमच्यासाठी शेवटचं काम: लॅशची वही ठेवा. प्रत्येक रेसिंगच्या दिवसानंतर सोळाही लॅश मोजून लिहा. एखाद्या व्हॉल्व्हची लॅश दरवेळी वाढत चालली असेल तर त्याचा लोब झिजतोय. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांवर चुंबक फिरवा, लोखंडाची पूड चिकटली तर पुढच्या रविवारी गाडी पट्टीवर नेऊ नका. आणि मोजणी झाली की सोळाही उंची आणि दाब मला लिहून पाठवा, 1.6 चे रॉकर ठेवायचे की 1.5 वर परत जायचं हे त्यावरून ठरवू.